गाडी आपटल्यानंतर : आधी अंग, मग चेसी, इंडिकेटर सगळ्यात शेवटी

मोटरसायकल घेऊन पडलेला माणूस जे जे करतो, त्याचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. तो उठतो, कोणी पाहिलं का ते बघतो, गाडी उभी करतो, स्टार्टर मारतो आणि ‘काही नाही झालं’ म्हणत घरी जातो. दुसऱ्या दिवशी मनगट सुजतं. आठवड्याभरात नवा हेडलाइट आणि इंडिकेटर बसतात. पुढे कधीतरी हात सैल सोडला की गाडी एका बाजूला ओढते हे लक्षात येतं आणि तपासल्यावर फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) वाकलेला निघतो. तोवर सगळे पैसे दिसणाऱ्या भागांवर खर्च झालेले असतात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा टप्पा तुमच्या गाडीला लागू नसेल तर तो सोडा, पण पुढचा टप्पा आधी करू नका.

## १. रस्त्यावरची पहिली दहा मिनिटं

झटकन उठू नका. वाहनं अंगावर येण्याचा धोका नसेल तर पडल्या जागी आधी बोटं, मग पंजे, मग पाय हलवून पाहा. मान किंवा पाठीचा कणा दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा वाटत असेल, तर हलू नका आणि रुग्णवाहिकेची वाट पाहा. धक्क्यानंतर शरीरात ॲड्रेनलिन उसळलेलं असतं. त्या भरात मोडलेल्या हाडावर माणूस चालूनही जातो, त्यामुळे ‘दुखत नाहीये’ या गोष्टीवर अर्धा तास तरी भरवसा ठेवू नका.

दुसरा कोणी पडला असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल किंवा तोंडात उलटी साचली असेल तरच काढा, तेही दोघांनी मिळून: एकाने मान आणि जबडा खालून स्थिर धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट सरळ रेषेत हळूहळू बाहेर घ्यायचं.

गाडीचं काम यानंतर. किल्ली बंद करा. पेट्रोलचा कॉक असेल तर तोही बंद करा. पेट्रोल सांडलं असेल तर जवळ कोणाला सिगारेट पेटवू देऊ नका आणि स्टार्टरला हात लावू नका.

गाडी एकट्याने उचलायचीच असेल तर ती उजव्या कुशीवर पडली असल्यास साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा आणि गिअर टाकून ठेवा, म्हणजे उभी करताना ती पुढे सरकणार नाही. सीटकडे पाठ करा, गुडघे वाकवा, एक हात हँडलला आणि दुसरा मागच्या दांडीला घाला आणि पायांच्या जोरावर मागे ढकलत उठा. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर अपघातातून वाचलेली कंबर इथे जाते.

सावधान: खांदा, बरगडी किंवा मनगट दुखत असेल तर गाडी उचलू नका. ती आणखी वीस मिनिटं आडवी राहिली तरी चालेल.

## २. पहिले दोन दिवस : अंगाची तपासणी

लोक सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात करतात, म्हणून इथे जरा थांबू.

डोकं. हेल्मेटला फटका बसला असेल तर तुम्ही शुद्धीत होतात की नाही याला फारसं महत्त्व नाही. शुद्ध न हरपताही मेंदूला मार लागतो. पहिले दोन दिवस एकटं राहू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटके, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एक जरी दिसलं तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठा. डोक्याच्या दुखापतीची शंका असताना स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्या.

पोट. हँडलचं टोक पोटात किंवा बरगड्यांखाली रुतलं असेल तर बाहेरून नुसता लालसर वळ दिसतो, पण आत प्लीहेला किंवा यकृताला इजा झालेली असू शकते. डाव्या खांद्याला मार लागलेला नसताना तो दुखू लागला, पोट ताठरलं किंवा उभं राहिल्यावर भोवळ आली, तर सकाळची वाट पाहू नका.

मनगट. पडताना हात आपोआप पुढे जातो आणि तळव्यावर सगळा भार येतो. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. तो दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड या छोट्या हाडाला तडा गेलेला असू शकतो. हा तडा पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. साधारण १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, आणि तोवर मनगट स्थिर ठेवतात. या हाडाचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा असल्याने दुर्लक्ष केलं तर ते जुळत नाही. माझं मनगट ‘मुरगळलंय’ म्हणून मी तीन आठवडे पट्टी बांधून काढले, आणि ब्रेकची मूठ आवळताना ते आजही कुरकुरतं.

खरचटणं. रस्त्यावर घासलेली जखम ही एक प्रकारची भाजल्यासारखी जखम असते. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली भरपूर धुवा आणि रुतलेली खडी, डांबर, माती त्याच दिवशी काढून घ्या. राहिलेले कण कातडीत कायमचे निळे-काळे डाग ठेवतात, शिवाय जखम चिघळते. जखम कोरडी ठेवून खपली धरू देण्यापेक्षा ओलसर, न चिकटणारं ड्रेसिंग लावलं तर ती लवकर भरते. मळलेली जखम असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर पुन्हा घ्यावी लागते. किती वर्षं झाली हे आठवत नसेल तर डॉक्टरांना तसंच सांगा.

तपासा: पिंडरी किंवा हाताचा पुढचा भाग दगडासारखा घट्ट झाला आहे का, आणि बोटं नुसती ताणली तरी असह्य कळ येते का? स्नायूंच्या आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटत असल्याची ही खूण असू शकते. यात दिवसांचा नव्हे, तासांचा हिशोब असतो.

## ३. पाना हातात घेण्याआधी

गाडी जशी आहे तशीच ठेवा. धुऊ नका, कारण घासल्याच्या खुणांवरूनच धक्का कुठून आला ते कळतं. चारही बाजूंनी, वरून आणि खालून फोटो काढा. विमा असेल तर कंपनीला कळवल्याशिवाय आणि त्यांनी पाहणी केल्याशिवाय एकही भाग उघडू नका. आधी दुरुस्ती आणि मग दावा, असं केल्यावर भांडायला हातात काही उरत नाही.

मग कागदावर यादी करा, पण भागांची नाही, धक्क्याच्या वाटेची. गाडी उजवीकडे घसरली असेल तर हँडलचं टोक, ब्रेक लिव्हर, फूटरेस्ट, मागच्या ब्रेकचा पेडल, सायलेन्सर, इंजिनाचं उजवं कव्हर. समोरून काही धडकलं असेल तर रिम, एक्सल, फोर्क पाइप, टी (दोन्ही पाइप वर आणि खाली पकडून ठेवणारे आडवे भाग), कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), चेसीचं डोकं (हँडल ज्यात फिरतं ती नळी), याच क्रमाने. धक्का या साखळीतून पुढे सरकतो आणि साखळीतली पहिली न वाकलेली कडी सापडेपर्यंत तपासणी थांबवायची नसते.

हेल्मेटही याच यादीत येतं. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो, दबताना धक्का पचवतो आणि पुन्हा फुगत नाही. वरचं कवच चकचकीत दिसलं तरी डोक्यासकट आपटलेलं हेल्मेट बदलायचं. इतर खर्च पुढे ढकलता येतील, हा नाही.

## ४. इंजिन सुरू करण्याआधी

‘चालू होते का बघू’ म्हणून स्टार्टर मारणं ही नेहमीची चूक. गाडी आडवी किंवा उलटी पडली की ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात उतरतं, कधी तिथून सिलिंडरमध्येही जातं. द्रव दाबला जात नाही. पिस्टन वर येऊन त्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. किरकोळ पडझडीतून इंजिन उघडायची वेळ येते ती अशी.

क्रम असा ठेवा:

१. गाडी सरळ उभी करून काही तास तशीच राहू द्या.
२. ऑइलची पातळी पाहा. कमी झाली असेल तर ते गेलं कुठे ते शोधा.
३. एअर फिल्टरचा डबा उघडा. ऑइल असेल तर पुसा, फिल्टर बदला.
४. प्लग काढा. गाडी डबल स्टँडवर घ्या, वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने फिरवून इंजिन दोन-चार वेळा फिरवा. प्लगच्या भोकातून ऑइल किंवा पेट्रोल उडतं का पाहा. यावेळी किल्ली बंदच हवी, नाहीतर पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकत्र येतील.
५. बॅटरीतून ॲसिड गळलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. हातमोजे घाला.
६. ऑइल आणि कूलंट भरा, होज तपासा, आणि मगच सुरू करा.

इंधन इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पडझड ओळखणारा सेन्सर असतो. गाडी साधारण ६० अंशांपलीकडे कलली की तो इंधन आणि ठिणगी तोडतो. उभी केल्यावरही गाडी सुरू होत नसेल तर किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू करा. एवढ्यासाठी वायरिंग उचकटलेल्या गाड्या पाहिल्या आहेत.

## ५. पुढचा भाग : वाकलाय की फक्त फिरलाय?

चाक सरळ आणि हँडल तिरकं, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. त्यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे पुढचं चाक गुडघ्यांत पकडून हँडलला हिसका देणं. बोल्ट घट्ट असताना दिलेल्या हिसक्याने हँडल सरळ दिसू लागतं, पण ताण तसाच आत राहतो. चार दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

अशा वेळी दोनच शक्यता असतात. एक, फोर्क पाइप टीच्या पकडीत फिरले आहेत, पण वाकलेले नाहीत. दोन, काहीतरी खरोखर वाकलं आहे. कोणती ते असं ठरवा.

पायरी १. इंजिनाखाली आधार देऊन पुढचं चाक जमिनीपासून वर घ्या. फोर्क पाइप वरच्या टीतून किती वर आले आहेत ते दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा.

पायरी २. एक्सल, एक्सलचे पकड-बोल्ट, मडगार्डचे बोल्ट आणि खालच्या टीचे बोल्ट सैल करा. वरच्या टीचे बोल्ट किंचितच सैल करा. दोन्ही टी एकदम मोकळ्या सोडल्या तर पाइप खाली घसरतात.

पायरी ३. आता चाक धरून हँडल हलक्या हाताने सरळ करा. सहज जागेवर आलं तर पाइप फक्त फिरले होते. खालची टी, मग वरची टी आवळा. एक्सलचा नट आवळा, गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा खालीवर दाबा आणि शेवटी एक्सलचे पकड-बोल्ट आवळा. हे बोल्ट आधी आवळले तर दोन्ही पाइप एकमेकांना ओढत राहतात आणि फोर्क अडखळतो.

पायरी ४. जागेवर येत नसेल, किंवा सोडलं की पुन्हा तिरकं होत असेल, तर चाक काढा. एकेक पाइप हाताने त्याच्याच जागी गोल फिरवा. खालचं टोक वर्तुळ काढत डुलत असेल तर पाइप वाकला आहे. नक्की माप हवं असेल तर पाइप बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे) ठेवा आणि डायल गेजने (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) बघा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये बाकाची मर्यादा ०.२ मिमी दिलेली असते. गेज नसेल तर जाड काचेवर पाइप गडगडवत न्या आणि खालून येणारा उजेड पाहा.

पाइप प्रेसवर सरळ करून देणारे कारागीर असतात. माझं मत विचाराल तर बाक डोळ्याला दिसत असेल तर पाइप बदला. वाकलेल्या जागी क्रोमला बारीक चिरा पडतात, तिथून गंज आणि सीलची गळती सुरू होते. टी वाकली असेल तर ती सरळ करायचा विचारही करू नका.

पायरी ५ : कोनसेट. पुढचं चाक हवेत ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. बरोबर मधोमध खाचेत बसल्यासारखं अडखळत असेल तर बॉल रेसमध्ये (बॉल ज्यांत फिरतात त्या कड्यांत) खड्डे पडले आहेत. नट सैल करून हे जात नाही, संच बदलावा लागतो. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढेमागे ओढा. ठक्क असा प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कोनसेट सैल आहे.

तपासा: हँडल दोन्ही टोकांना सारखंच वळतं का? चेसीवरचा स्टॉपर तुटला किंवा वाकला असेल तर एका बाजूला जास्त वळेल आणि टाकीला हात अडकेल.

## ६. चेसी आणि चाकांची रेघ

चेसी तपासताना आधी डोळे वापरा. हँडल ज्या नळीत फिरतं तिच्या खालची आणि मागची जोडणी स्वच्छ पुसा आणि टॉर्चचा उजेड आडवा पाडा. रंगाला सुरकुत्या, पोपडे किंवा वेल्डिंगलगत केसासारखी रेघ दिसली तर तिथला धातू हललेला आहे. पुढचा टायर इंजिनाच्या किंवा रेडिएटरच्या पूर्वीपेक्षा जवळ आला असेल तरी तेच समजा.

मग दोरीची चाचणी. मागच्या टायरच्या मागून दोरी घेऊन दोन्ही बाजूंनी, जमिनीपासून शक्य तितक्या उंचीवर, पुढच्या चाकाच्याही पुढे ताणून बांधा. दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकली पाहिजे. पुढचा टायर सहसा अरुंद असतो, म्हणून दोन्ही बाजूंना फट राहते. ती सारखी हवी. फरक दिसला तर आधी चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या करून पुन्हा मोजा, कारण बरेचदा दोष तिथेच असतो. तरीही फरक राहिला तर दोष चिमट्यात (मागचं चाक धरणारा भाग) किंवा चेसीत. काही गाड्यांत चाकं मुळातच किंचित बाजूला बसवलेली असतात, तेव्हा मॅन्युअल बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

चेसी वाकली असेल तर हे घरचं काम नाही. जिगवर (चेसी मोजायच्या चौकटीवर) बसवून मापं घेणारी जागा शोधा, आणि त्यांचा अंदाज येईपर्यंत एकही नवा भाग विकत घेऊ नका. गाडी दुरुस्त करायची की सोडून द्यायची, हा निर्णय इथे होतो.

## ७. चाकं आणि ब्रेक

चाक हवेत फिरवा आणि फोर्कला टेकवलेल्या खिळ्याच्या टोकाशी रिमची कड पाहत राहा. बाजूला आणि वरखाली असे दोन्ही आउट (चाकाचं डुलणं) बघा. बऱ्याच गाड्यांत मर्यादा २ मिमी असते, काहींत त्याहून कमी. स्पोकचं चाक कारागीर आउट काढून देतो. अलॉयला चीर असेल तर वेल्डिंग करून वापरू नका, मग कोणी कितीही खात्री देवो.

डिस्क प्लेट वाकली की ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडतो. मर्यादा गाडीनुसार ०.१ ते ०.३ मिमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना धड दिसणारही नाही. पॅडवर ऑइल सांडलं असेल तर पॅड धुऊन पुन्हा बसवू नका, बदला.

गाडी उलटी झाली असेल तर मास्टर सिलिंडरमधली हवा नळीत शिरलेली असू शकते. लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर एअर काढा. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल वापरा. डॉट ४ सांगितलेल्या जागी सिलिकॉनवालं डॉट ५ चालत नाही. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका.

ब्रेकचा वाकलेला लिव्हर पक्कडीने सरळ करायचा मोह आवरा. ॲल्युमिनियम एकदा वाकतं. परत वाकवताना आतून चिरतं आणि ऐन जोरात ब्रेक मारताना तुटतं. वाकलेल्या हँडलबारलाही हाच नियम.

## ८. कंट्रोल, कव्हर, वायरिंग

सगळ्यात आधी थ्रॉटल. मूठ पूर्ण पिळून सोडली की ती आपोआप खटकन बंद झाली पाहिजे, आणि हँडल कुठल्याही कोनात असताना झाली पाहिजे. हँडलचं टोक आत दबलं की मूठ तिथे घासते. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा. आरपीएम वाढले तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे.

पोलादी गिअर लिव्हर आत वाकला असेल तर तो काढून, बाहेर सरळ करता येतो. गाडीवरच ठोकलात तर गिअरचा शाफ्ट वाकेल आणि ऑइल सील गळेल. कव्हरला चीर असेल तर जागा डिग्रीस करून धातूचा इपॉक्सी लावून घरापर्यंत येता येतं, त्यापुढे नवं कव्हर. वायरिंगमध्ये चेसीच्या डोक्याजवळचा गुंडाळा चिमटला आहे का तेवढं बघा, आणि क्लच, साइड स्टँड, ब्रेक लाइट यांचे स्विच तपासा.

## ९. प्लास्टिक

आता इंडिकेटर, व्हायजर, फेअरिंग. भागाच्या आतल्या बाजूला छापलेलं अक्षर पाहा. ‘एबीएस’ असेल तर त्याच प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी आतून भरून चीर सांधता येते. ‘पीपी’ असेल तर ॲसिटोनचा उपयोग नाही, गरम करूनच जोडावं लागतं. दोन्हींत चिरेच्या टोकाला आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर चीर पुढे पळते. ॲसिटोन झटकन पेटतो, म्हणून खिडकी उघडी हवी.

## १०. पुन्हा रस्त्यावर

गाडीची चाचणी अशी: आधी ढकलत न्या आणि ब्रेक दाबा. मग मोकळ्या जागी ताशी २० किमी. मग ३० वरून सरळ रेषेत ब्रेक. हँडलवरची पकड हलकी ठेवा, म्हणजे ओढ लगेच जाणवते. हात पूर्ण सोडून बघायची मर्दुमकी नको. साधारण ५० किमीनंतर एक्सल, टी, कॅलिपर आणि हँडलचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

चालकाची चाचणीही घ्या. बंद गाडीवर बसा. मान दोन्ही खांद्यांवरून मागे वळते का? ब्रेकची मूठ पूर्ण ताकदीने सलग वीस वेळा दाबता येते का? गाडी कलली तर दुखरा पाय तिला सावरेल का? गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? डोक्याला मार होता तर लक्षणं पूर्ण गेली आहेत आणि डॉक्टरांनी परवानगी दिली आहे का? खांद्याचं हाड मोडलं असेल तर ते जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. दुखणं त्याच्या आधीच कमी होतं आणि लोक तिथेच फसतात.

राहिली भीती. पहिल्या काही फेऱ्यांत वळणावर हात ताठरणं स्वाभाविक आहे. ताठरलेल्या हातांनी गाडी मात्र वळत नाही. म्हणून आधी रिकाम्या मैदानात ब्रेक आणि सावकाश वळणं, मग ओळखीचा रस्ता दिवसाउजेडी, आणि जिथे पडलात ती जागा त्यानंतर. महिना उलटूनही झोपेत अपघात दिसत असेल किंवा गाडीचा विषय निघाला की छाती धडधडत असेल, तर समुपदेशकाकडे जा आणि तोवर किल्ली घरात कोणाकडे तरी देऊन ठेवा.